दुसरी किल्ली दुसऱ्या गावी



२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या पेठांत शिरले, त्या दिवसांत एका जुन्या स्नेह्यांचा मला दूरध्वनी आला. गणपती पेठेत त्यांचा घाऊक किराण्याचा व्यापार. तळमजल्यावर दुकान, मागे गोदाम आणि वर बिऱ्हाड. मी त्या शहरातील शाखेत असताना आमचा परिचय झाला आणि पुढे तो घरोब्यात बदलला. साखरेची आणि शेंगदाण्याची पोती पाण्यात गेली, हे त्यांनी शांतपणे सांगितले. विम्याच्या दाव्यासाठी कोणते कागद लागतील, तेही विचारून घेतले. मग थोडे थांबून म्हणाले, "साहेब, काँप्युटर बुडाला. बॅकअप मी घेत होतो हो. दर शनिवारी, न चुकता. पण ती हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती."

मालाची भरपाई विम्यातून बऱ्याच अंशी झाली. हिशेबाची भरपाई कशी करायची, हा प्रश्न मात्र पुढे आठ महिने पुरला. जीएसटीची विवरणपत्रे पोर्टलवर शिल्लक होती, बँकेने खात्यांचे उतारे काढून दिले, मागील वर्षांचे ताळेबंद सी.ए. साहेबांकडे होते. एवढ्यावर सरकारी काम भागते. परंतु कोणत्या किरकोळ दुकानदाराकडे आज नेमके किती येणे आहे, हे फक्त त्या एका यंत्रात होते. नोंदणी नसलेल्या लहान ग्राहकांची नावे विवरणपत्रात स्वतंत्रपणे येत नाहीत, आणि कोणी कोणत्या तारखेला किती रोख आणून दिली, हे तर त्यात कोठेच येत नाही. काही ग्राहक आपली चिठ्ठी किंवा वही घेऊन स्वतः दुकानात आले आणि "आमच्याकडे तुमचे इतके निघतात" असे सांगून गेले. काहींना स्मरण राहिले नाही. कोण कसे वागले, हे त्या गृहस्थांनी मला आजवर सांगितलेले नाही. मीही विचारलेले नाही.

आणि त्याच यंत्रात त्यांच्या दिवंगत मातोश्रींची छायाचित्रे होती. जुने भ्रमणध्वनी बदलताना मुलाने ती सगळी संगणकात उतरवली होती आणि भ्रमणध्वनी रिकामे करून विकले होते. त्यासाठी कोणताही दावा करता येत नाही.

आपल्या आजोबांच्या पेढीवर हे संकट निराळ्या स्वरूपात येत असे. आग लागे, वाळवी लागे, पूर तेव्हाही येत. पण जुन्या पद्धतीत एक शहाणपण अंगभूत होते. व्यवहार आधी रोजमेळात उतरे, मग खतावणीत. खतावणी गहाळ झाली तर रोजमेळावरून ती पुन्हा उभी करता येई. शिवाय मागील सालांच्या चोपड्या लाल कापडात बांधून बहुधा घरी माळ्यावर जात आणि चालू सालाच्या दुकानी राहत. म्हणजे दोन नोंदी आणि दोन जागा. संगणकाने रोजमेळ आणि खतावणी एकाच बटणावर आणली, ही सोय मोठीच आहे. परंतु त्याबरोबर दोन्ही एकाच डबीत जाऊन बसली, हे आपल्या ध्यानात आले नाही.

बँकेत आम्हाला ही गोष्ट नियमाने शिकवली गेली, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आम्हाला तिचा कंटाळा येई. स्ट्राँग रूमच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे विभागलेल्या असत, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्या किल्ल्यांचा दुसरा जोड मोहोरबंद पाकिटात घालून दुसऱ्या शाखेत ठेवावा लागे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. ठरावीक मुदतीनंतर तो जोड परत आणून वापरात घ्यायचा आणि वापरातला तिकडे पाठवायचा. तरुणपणी मला हा निव्वळ सोपस्कार वाटे. पुढे कळले की अदलाबदल केल्यामुळे तिकडची किल्ली खरोखर कुलपाला लागते, याची खात्रीही आपोआप होत असे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदच्या दशकात शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, तेव्हा या दुसऱ्या जोडाची जागा फ्लॉपीने घेतली. दिवसअखेरीस शिल्लक जुळली की बॅकअप घ्यायचा, रजिस्टरात नोंद करून सही करायची आणि फ्लॉपी अग्निरोधक कपाटात ठेवायची. एका सायंकाळी यंत्र बिघडले. आम्ही निश्चिंत होतो, कारण रजिस्टर पूर्ण भरलेले होते. दुसऱ्या दिवशी फ्लॉपी लावली तर ती वाचता येईना. आदल्या दिवशीची लावली, तीही तशीच. त्याच्या आदल्या दिवशीचीही तशीच. फ्लॉपी चालवण्याचे यंत्रच कित्येक दिवस नीट लिहीत नव्हते, आणि एकदाही कोणी ती उलट वाचून पाहिली नव्हती. रजिस्टरातील त्या सर्व दिवसांच्या सह्या माझ्या होत्या. व्हाउचरांच्या गठ्ठ्यांवरून सगळी नोंद पुन्हा करायला आम्हाला दोन रात्री लागल्या. एका कारकुनाच्या घरी लग्न होते, तरी तोही थांबला. व्हाउचरे कागदाची होती म्हणून निभावले.

असे चुकणारे आम्ही एकटेच नव्हतो, एवढेच समाधान. 'टॉय स्टोरी २' हा पिक्सारचा चित्रपट तयार होत असताना, १९९८ साली, एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या बहुतेक फाइली पुसल्या गेल्या, आणि बॅकअप नीट चालतच नव्हता हे तेव्हा उघडकीस आले. गॅलिन सुसमन या बाई बाळंतपणामुळे घरून काम करीत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, तिने काम वाचले. प्रत दुसऱ्या जागी होती आणि ती चालत होती. यापलीकडे बॅकअपच्या शास्त्रात फारसे काही नाही.

या विषयावरील तज्ज्ञ लोक ३-२-१ असा नियम सांगतात: प्रती तीन, साधने दोन प्रकारची आणि एक प्रत दुसऱ्या जागी. नियम चांगला आहे. परंतु आपल्या घरांत तो ऐकला की मुलगा चार सॉफ्टवेअर उतरवून घेतो, त्यांतील दोन पंधरा दिवसांनी पैसे मागतात आणि महिन्याभरात सगळेच बंद पडते. म्हणून मी निवड करताना एकच कसोटी लावली. घरातील जी व्यक्ती हे काम प्रत्यक्ष करणार आहे, तिला ते कोणालाही न विचारता करता आले पाहिजे. आमच्या घरी ती व्यक्ती म्हणजे मी. पुष्कळ दुकानांत ती सून किंवा जुने मुनीमजी असतात.

प्रथम काय जपायचे ते ठरवावे. विंडोज जपायची गरज नाही, टॅलीचे सॉफ्टवेअरही नाही. ती पुन्हा घालता येतात. जपायचे ते आपण स्वतः निर्माण केलेले. हिशेब, करारपत्रे, मिळकतीच्या कागदांच्या स्कॅन प्रती, छायाचित्रे. मी या सर्वांसाठी 'दफ्तर' नावाचे एकच फोल्डर केले आणि बाकी सगळे त्याच्या पोटात घातले. पूर्वी काही डेस्कटॉपवर, काही डाउनलोडमध्ये, काही पत्नीच्या नावाच्या फोल्डरमध्ये अशी पांगापांग होती. ती आवरायला दोन रविवार गेले. खरे श्रम तेवढेच.

टॅलीबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. तिची माहिती पुष्कळदा 'डॉक्युमेंट्स'मध्ये नसून सी ड्राइव्हवर तिच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असते. त्यामुळे 'मी सगळे डॉक्युमेंट्स कॉपी केले' असे म्हणणाऱ्याचा नेमका धंद्याचा हिशेबच मागे राहतो. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय ही बटणे एकत्र दाबली की 'डेटा'चा पर्याय उघडतो, त्यात 'बॅकअप' आहे. तो घेताना कोठे ठेवायचा ते विचारले जाते, तेथे 'दफ्तर'मधील एक फोल्डर द्यावे. प्रत्येक वेळी नवे फोल्डर करावे आणि त्याला तारखेचे नाव द्यावे. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, जसे २०२५-०३-३१. असे लिहिले की संगणक ती फोल्डरे आपोआप कालक्रमाने लावतो. जुन्यावर नवे लिहू नये. मागील महिन्यातील चूक आज सापडली, तर मागील महिन्याची प्रत हाती हवी.

आता साधन. मी एक टेराबाइटच्या दोन बाह्य हार्ड डिस्क घेतल्या. काही हजार रुपयांचे काम आहे आणि बहुतेक कुटुंबांना ही जागा पुष्कळ होते. हिशेब जागा फार थोडी घेतो. जागा खातात ती लग्नाची चित्रीकरणे. डिस्कवर ठळक अक्षरांत 'अ' आणि 'ब' लिहिले. एका शनिवारी 'अ' लावायची, त्या आठवड्याचा हिशेब आणि नवी छायाचित्रे उतरवायची, ती काढायची आणि दुसऱ्या जागी पोचवायची. येताना 'ब' आणायची. पुढच्या शनिवारी उलट. म्हणजे किल्ल्यांची अदलाबदलच. ज्यांचे दुकान एकीकडे आणि घर दुसरीकडे, त्यांना दुसरी जागा आयती मिळते. दुकानावरच बिऱ्हाड असेल, किंवा गाव नदीकाठचे असेल, तर मात्र भावाचे वा बहिणीचे घर शोधावे. बँकेचा लॉकर सुरक्षित खरा, पण तेथे आपण वर्षातून एक-दोनदा जातो. ज्या प्रती वर्षअखेरीच्या आहेत त्यांच्यासाठी तो उत्तम, आठवड्याच्या कामासाठी नव्हे. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यासाठी ठीक. साठवणीसाठी मी तिच्यावर विश्वास टाकत नाही. ती बिघडते त्यापेक्षा अधिक वेळा हरवते. आणि कपाटात लग्नाच्या जुन्या सीडी असतील तर त्या याच महिन्यात उतरवून घ्याव्यात, कारण आजच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते.

डिस्क काम झाल्यावर काढून ठेवायची, यावर माझा विशेष भर आहे. विंडोजमध्ये 'फाइल हिस्टरी' नावाची सोय आहे. ती चालू केली आणि डिस्क जोडलेली असली की दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत आपोआप निघते. विसराळू माणसाला ती वरदान आहे. परंतु मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातील संगणक कुलूपबंद केले, ते आठवावे. असा प्रोग्राम शिरला की संगणकाला जोडलेली डिस्कही त्याला उघडीच असते, आणि मूळ व प्रत दोन्ही एका झटक्यात जातात. खणात पडलेल्या डिस्कपर्यंत तो पोचू शकत नाही. खणापर्यंत पोचते ते पाणी. म्हणूनच एक खणात आणि एक गावाबाहेर.

येथे पुण्या-मुंबईची आपली मुले हसतात. "बाबा, सगळे ड्राइव्हवर आहे," असे माझा मुलगाही म्हणाला होता. मी त्याला विचारले की मी येथून एक फाइल पुसली तर तेथे काय होईल? तीही पुसली जाईल, असे त्याचे उत्तर. तर मग ती दुसरी प्रत नव्हे. तो एकाच वस्तूचा आरसा झाला. गूगल ड्राइव्हवर पुसलेली फाइल ३० दिवस कचरापेटीत राहते, त्यानंतर कायमची जाते. हिशेबातील चुका ३० दिवसांत सापडत नाहीत. आपल्याकडे त्या वर्षअखेरीस सापडतात. शिवाय विनामूल्य जागा गूगलवर १५ जीबी आहे आणि तीत ईमेल, ड्राइव्ह व छायाचित्रे सर्व आले. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर ती ५ जीबी आहे. जागा भरली की नवे काही वर चढत नाही, आणि त्याची सूचना आपण वाचलेली नसते.

तरीही मी ढगावरच्या या जागेच्या विरोधात नाही. तिसरी प्रत म्हणून ती फार उपयोगाची आहे, कारण ती पुरात बुडत नाही. माझ्या 'दफ्तर'मधील हिशेबाची आणि महत्त्वाच्या कागदांची एक प्रत मी दरमहा तेथे चढवतो. मात्र त्या खात्याचा पासवर्ड घरात आणखी कोणाला ठाऊक आहे का, हा प्रश्न एका माजी बँक अधिकाऱ्याने विचारलाच पाहिजे. नामांकन न करता गेलेल्या खातेदारांच्या कुटुंबीयांना मी काउंटरपलीकडून पाहिले आहे. गूगलच्या खात्यातही, आपण दीर्घकाळ ते वापरले नाही तर आपली माहिती कोणाच्या हाती द्यावी, हे आधी नोंदवून ठेवता येते. ती नोंद करावी, कारण दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल बंद करू शकते. आम्ही पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट मोहोरबंद करून लॉकरमध्ये ठेवला आहे. पद्धत जुनी आहे, पण पत्नीला ती समजते.

किती वर्षांचे जपायचे, असेही अनेक जण विचारतात. जीएसटी कायद्यानुसार हिशेब आणि कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहून अधिक काळ. ज्यांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे त्यांना आणखी एक बंधन आहे. संगणकावरील हिशेबाचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर दररोज घेतला गेला पाहिजे, असा बदल ऑगस्ट २०२२ मध्ये कंपन्यांच्या नियमांत झाला. त्यांनी माझ्या शनिवारच्या पद्धतीवर न थांबता आपल्या सी.ए.शी बोलावे. घरच्या छायाचित्रांना कोणताही कायदा मुदत घालत नाही.

राहिली ती तपासणी, जी मी त्या काळी केली नव्हती. तीन महिन्यांतून एकदा मी 'अ' किंवा 'ब' डिस्क मुलाच्या लॅपटॉपला लावतो, स्वतःच्या नव्हे, आणि कोणतीही पाच-सहा छायाचित्रे व दोन कागद उघडून पाहतो. टॅलीचा बॅकअपही परत घालून पाहावा; पण येथे एक मोठा धोका आहे. 'रिस्टोअर' करताना चालू हिशेबाचेच फोल्डर दिले तर जुनी प्रत नव्या हिशेबावर बसते आणि मधल्या नोंदी जातात. म्हणून 'तपासणी' नावाचे वेगळे फोल्डर करून त्यातच तो उतरवावा, एखाद्या ग्राहकाची शिल्लक मूळ हिशेबाशी पडताळावी आणि मग ते फोल्डर पुसून टाकावे. यास अर्धा तास पुरतो. मी ही तपासणी ३१ मार्चला आवर्जून करतो. संगणक क्षेत्रातील मंडळी २०११ पासून ३१ मार्च हा बॅकअप दिन म्हणून पाळतात, हे मला अलीकडे कळले. आपले आर्थिक वर्ष त्याच दिवशी संपते, हे त्यांच्या मनात असण्याचे कारण नाही, पण आपल्याला तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही.

गणपती पेठेतील स्नेह्यांकडे आता हे काम त्यांची धाकटी सून पाहते. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी चढू लागले, तेव्हा त्यांनी माल जमेल तेवढा वर हलवला. हिशेबाची चिंता त्यांना नव्हती. 'ब' डिस्क आठवड्यापूर्वीच इचलकरंजीला बहिणीकडे गेलेली होती. पाणी ओसरल्यावर मी भेटायला गेलो असता त्यांनी मला भ्रमणध्वनीवर एक ध्वनिमुद्रण ऐकवले. मुंबईच्या एका भाचीच्या जुन्या फोनमध्ये ते सापडले होते. आजीने तिला पाठवलेला जेमतेम दहा-अकरा सेकंदांचा निरोप: "जेवलीस का गं? सूर्य मावळायला आला." मातोश्रींचा तेवढाच आवाज आता घरात उरला आहे. सुनेने त्याला तारखेचे नाव दिले असून तो 'अ'वर आहे, 'ब'वर आहे आणि वरही चढवलेला आहे. पुढच्या तिमाहीत कोणत्या फाइली उघडून पाहायच्या, याची तिने एक यादी टेबलाला चिकटवली आहे. तीत पहिले नाव त्याचे आहे.